केमोथेरपीनंतरचा स्तनाचा नमुना तपासताना या चुका टाळा

शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी घेतलेल्या रुग्णाच्या स्तनात कर्करोग उरला आहे की नाही, याचा अखेरचा निवाडा स्लाइडवर होतो. रत्नागिरीत असे नमुने तपासताना ज्या चुका मला वर्षानुवर्षे दिसत आहेत, त्यांतील बहुतेक नमुना सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचण्याआधीच घडलेल्या असतात आणि कितीही महागडे यंत्र आणले तरी त्या भरून निघत नाहीत.

सर्वांत घातक चूक म्हणजे गाठ मुळात कुठे होती हे नक्की न करता तुकडे घेणे. औषधाने गाठ विरली की बोटांना काहीच लागत नाही; उरतो तो पांढरट, तंतुमय पट्टा आणि त्यात कर्कपेशींचे लहान पुंजके दूरदूर विखुरलेले असू शकतात. एका पावसाळ्यात तालुक्याच्या गावाहून असा नमुना आला, तेव्हा सोबतच्या कागदावर केमोथेरपीचा उल्लेखही नव्हता. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी पाच तुकडे घेतले, पाचांतही कर्करोग दिसला नाही आणि ‘पूर्ण प्रतिसाद’ असा अहवाल सहीसाठी माझ्यासमोर आला. स्लाइडवर नुसती चरबी आणि निरोगी ग्रंथी होत्या. गाठ विरल्यावर मागे राहणारा व्रण, फेसाळ भक्षकपेशी, जुन्या रक्तस्रावाचे तपकिरी कण यांपैकी काहीही नव्हते. गाठीची जागा आमच्या तुकड्यांत आलीच नव्हती. मी सही केली नाही. रुग्णाचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पहिला मॅमोग्राम घेऊन आला. आम्ही सगळे काप क्रमाने मांडून त्यांचा एक्स-रे काढला, केमोआधी बसवलेली धातूची क्लिप शोधली आणि तिच्या भोवतालच्या तुकड्यांत जिवंत कर्कपेशी सापडल्या. ती गाठ हर-२ पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-२ हे प्रथिन जास्त असलेली होती. अशा रुग्णात कर्करोग उरला असेल तर शस्त्रक्रियेनंतर ट्रास्टुझुमॅब या हर-२विरोधी औषधाऐवजी त्यालाच केमोऔषध जोडलेले ट्रास्टुझुमॅब एमटान्सीन देण्याचा विचार होतो, म्हणजे आमच्या घाईने त्या बाईंचे पुढचे उपचारच चुकले असते. तेव्हापासून मॅमोग्राम पाहिल्याशिवाय मी सुरी हातात घेत नाही आणि कापांच्या छायाचित्रावर प्रत्येक ब्लॉकचा (मेणात बसवलेल्या तुकड्याचा) क्रमांक स्वतः लिहितो. ‘दिसले नाही’ असे लिहिण्याचा अधिकार योग्य जागी पाहिलेल्यालाच असतो, हे शिकाऊ डॉक्टरांनी मनावर घ्यावे.

दुसरी चूक फॉर्मालिनची. आख्खा स्तन न कापता अरुंद बरणीत कोंबून पाठवतात. फॉर्मालिन तासाला साधारण 1 मिलिमीटरच आत शिरते, त्यामुळे कोकणातल्या उकाड्यात बाहेरून टणक दिसणारा नमुना आतून कुजू लागलेला असतो. नमुना काढल्यापासून एका तासाच्या आत 5 ते 10 मिलिमीटरचे काप देऊन त्याच्या आकारमानाच्या किमान दहापट, 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये ठेवावा. रिसेप्टरच्या (कर्कपेशींवरील हार्मोन व हर-२ यांच्या प्रथिनांच्या) तपासणीसाठी तो तिथे 6 ते 72 तास राहणे आवश्यक असते. निकड सांगून हा काळ कमी करून मागणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देतो.

काखेतील लसिकाग्रंथींमधला व्रण नोंदवायला विसरू नये. 2007 साली मांडल्या गेलेल्या आरसीबी (उरलेल्या कर्करोगाचा भार) पद्धतीने उरलेला कर्करोग मोजताना पेशींचे प्रमाण गाठीच्या संपूर्ण जागेवर सरासरीने धरावे. दाट पुंजका निवडून तेवढाच मोजणे चूक आहे.

लेसरने रंगद्रव्य चमकवून पाहणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर केमोआधीची बायोप्सी आणि नंतरचा नमुना यांची चमक ताडून पाहणारे अनेकजण दोन वेळा लेसरची तीव्रता आणि डिटेक्टरचा गेन (प्रकाश वाढवून दाखवण्याचे प्रमाण) वेगवेगळा ठेवतात आणि आलेल्या फरकाला औषधाचा परिणाम समजतात. दोन्ही स्लाइड एकाच दिवशी, एकाच रंगद्रव्याने रंगवाव्यात आणि सेटिंग लिहून ठेवून तीच वापरावी.

राहिली भिंगावरची बुरशी. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती हमखास धरते; चित्र धूसर झाले की लोक फोकसला किंवा स्कॅनरला दोष देत बसतात. भिंगे सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवावीत आणि जेल ओलसर होताच बदलावे, कारण बुरशीने काचेवरचा थर खाल्ला की पुसून काही उपयोग होत नाही.