संभाव्यतेचा पहिला कोर्स: सूत्राला हात लावण्याआधी

शाळेत संभाव्यतेची ओळख होते ती एकाच सूत्राने: अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. पदवीच्या पहिल्या कोर्सला हेच सूत्र मुलांना गोत्यात आणतं. ते चालतं फक्त सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची शक्यता सारखीच असलेल्या, असतील तेव्हा. शाळेच्या गणितांत ही अट आपोआप पाळलेली असते, त्यामुळे ती तपासायची सवयच लागत नाही.

पहिले दोन आठवडे एक शिस्त पाळा. प्रत्येक गणिताच्या डोक्यावर ‘इथे एक निष्पत्ती म्हणजे काय’ हे पूर्ण वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, ‘पहिल्या आणि दुसऱ्या फेकीचा निकाल, त्याच क्रमाने.’ ओळ बावळट वाटेल, पण लिहा. फ्रेंच गणिती दालाँबेर १७५४ साली इथेच घसरला. नाणं दोनदा उडवून एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता त्याने २/३ काढली. त्याच्या हिशेबात निष्पत्ती तीन: पहिल्याच फेकीत छापा (मग दुसरी फेक कशाला?), आधी काटा मग छापा, आणि दोन्ही काटे. निष्पत्ती तीनच धरायला हरकत नाही, पण त्या समसंभाव्य नाहीत. पहिलीची संभाव्यता १/२, उरलेल्या दोघींची प्रत्येकी १/४. उत्तर ३/४.

हात बसायला गॅलिलिओने सोडवलेलं गणित घ्या. तीन फाशांची बेरीज ९ येणं जास्त शक्य की १०? दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारे जुळतात. पण ३-३-३ हे एकाच क्रमाने पडतं, ३-३-४ तीन क्रमांनी आणि १-२-६ सहा क्रमांनी. सगळे क्रम मोजले की २१६ पैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ मिळतात. हे २५ आणि २७ पुस्तक मिटून स्वतः मोजता आले, की पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनवर आणखी वेळ घालवू नका. बरेच जण तिथेच महिना काढतात आणि खरा कोर्स हातातून जातो.

कोल्मोगोरोव्हची १९३३ ची तीन गृहीतकं एका तासाचं काम आहे. संभाव्यता ऋण नसते, संपूर्ण नमुना अवकाशाची (म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींच्या संचाची) १ असते, आणि एकमेकांना न छेदणाऱ्या घटनांच्या संभाव्यतांची बेरीज होते, घटना मोजता येण्याजोग्या अनंत (१, २, ३… अशा क्रमांक देता येणाऱ्या) असल्या तरी. त्यांवरून पूरक घटनेचा (‘अ न घडणं’) आणि ‘अ किंवा ब’चा नियम स्वतः सिद्ध करा आणि पुढे चला.

आता वाशीच्या बाजारातून आणलेली एक डझनाची हापूसची पेटी समोर ठेवा. समजा बारापैकी ३ आंब्यांत साका आहे, म्हणजे आतला गर खराब आहे. बाहेरून काही कळत नाही. दोन आंबे उचलले तर दोन्ही चांगले निघण्याची संभाव्यता किती? क्रम न धरता: ९ मधून २ निवडायचे प्रकार ३६, १२ मधून २ निवडायचे ६६, म्हणून ६/११. क्रम धरून: ९/१२ गुणिले ८/११, पुन्हा ६/११. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. चूक होते ती एक रस्ता अंशात आणि दुसरा छेदात वापरला की: ३६ भागिले १३२. अंशात क्रम धरला तर छेदातही धरायचा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ३/४ गुणिले ३/४ करून ०.५६२५ लिहिणं. पहिला आंबा पेटीत परत ठेवलेला नाही, त्यामुळे दुसऱ्याची संभाव्यता बदलते. खरं उत्तर साधारण ०.५४५.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सशर्त संभाव्यता येते, म्हणजे एक घटना घडलेली आहे हे माहीत असताना दुसरीची संभाव्यता. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समजा मोठ्या लॉटमधल्या ५ टक्के आंब्यांत साका आहे. एक यंत्र साका असलेल्या आंब्यांपैकी ८० टक्के पकडतं, पण चांगल्यांपैकीही १० टक्क्यांवर ठपका ठेवतं. यंत्राने एक आंबा बाजूला काढला. त्यात खरंच साका असण्याची संभाव्यता किती? वर्गात पहिलं उत्तर ८० टक्के येतं. सूत्र बाजूला ठेवून १००० आंबे मोजा. साका असलेले ५०, त्यांतले ४० पकडले. चांगले ९५०, त्यांतले ९५ उगाचच पकडले. बाजूला काढले एकूण १३५, खरे खराब ४०. उत्तर ४०/१३५, म्हणजे जेमतेम ३० टक्के. बेझचं सूत्र हाच हिशेब करतं. त्याच्या छेदात १३५ च बसलेले आहेत, फक्त १००० ने भागून.

‘साका असताना यंत्राने पकडणं’ आणि ‘यंत्राने पकडलेलं असताना साका असणं’ या दोन वेगळ्या संभाव्यता आहेत. गणित वाचताना ‘असताना’, ‘दिलेलं आहे की’, ‘त्यांपैकी’ असे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. त्या शब्दाला जोडलेली घटना छेदात जाते.

इथेच आणखी एक घोळ निपटून टाका. परस्पर अपवर्जक (एकदम घडू न शकणाऱ्या) आणि स्वतंत्र (एकीमुळे दुसरीची संभाव्यता न बदलणाऱ्या) हे समानार्थी शब्द नाहीत, जवळजवळ उलटच आहेत. एक घडली की दुसरी घडूच शकत नाही, मग त्या एकमेकींपासून स्वतंत्र कशा? (एखादीची संभाव्यता शून्य असेल तेवढाच अपवाद.) स्वतंत्र असण्याचं उदाहरण एकाच फाशात सापडतं. सम संख्या पडणं १/२, तीनची पट पडणं १/३, दोन्ही एकदम म्हणजे फक्त ६, म्हणून १/६. गुणाकार जुळला.

रँडम व्हेरिएबल आलं की घाबरायचं कारण नाही. प्रत्येक निष्पत्तीला एक आकडा चिकटवायचा, एवढंच. किमती एका ओळीत, संभाव्यता खालच्या ओळीत, बेरीज १ येते का ते बघायचं. अपेक्षित मूल्यांची (म्हणजे सरासऱ्यांची) बेरीज करायला व्हेरिएबल स्वतंत्र असावी लागत नाहीत. पेटीतल्या दोन आंब्यांत साका असलेले सरासरी किती? प्रत्येकाचे ३/१२, दोघांचे मिळून १/२. आधी कोणता उचलला याचा विचारही नको. व्हेरिअन्सला (किमती सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचं माप) ही सवलत नाही. एका फाशाचा व्हेरिअन्स ३५/१२, दोन फाशांच्या बेरजेचा ३५/६, पण एकाच फाशाच्या आकड्याची दुप्पट केली तर ३५/३, कारण २ बाहेर येताना वर्ग होऊन येतो. आणि दोन स्वतंत्र व्हेरिएबलची वजाबाकी असली तरी व्हेरिअन्सची बेरीजच होते.

किमती आणि त्यांच्या संभाव्यता यांची मांडणी म्हणजे वितरण. वितरणांची नावं पाठ करण्यापेक्षा त्यांची लक्षणं ओळखा. प्रयत्नांची संख्या ठरलेली, प्रत्येक वेळी संभाव्यता तीच, प्रयत्न स्वतंत्र: बायनॉमियल. परत न ठेवता उचललं, जसे वरचे आंबे: हायपरजॉमेट्रिक. प्रयत्न खूप आणि संभाव्यता बारीक: पॉइसाँ. २०० वस्तूंत प्रत्येकी ०.०१ ने दोष असेल, तर एकही दोष नसण्याची नेमकी संभाव्यता ०.१३४० आणि पॉइसाँची ०.१३५३. पहिलं यश मिळेपर्यंत वाट बघायची: जॉमेट्रिक. त्यात मात्र पुस्तकापुस्तकांत फरक आहे. कोणी एकूण प्रयत्न मोजतं, कोणी आधीचे फसलेलेच. फाशावर ६ पडायची वाट बघताना पहिल्या पद्धतीत सरासरी ६, दुसरीत ५. आपले सर किंवा मॅडम कोणती वापरतात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

सेमिस्टरच्या उत्तरार्धात अखंड वितरणं (वेळेसारखी, कुठलीही किंमत घेऊ शकणारी व्हेरिएबल) येतात आणि मुलं थेट इंटिग्रेशनवर उडी मारतात. आधी आकृती काढा. दोघी मैत्रिणी संध्याकाळी ६ ते ७ च्या दरम्यान ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतनसमोर भेटणार आहेत. दोघी त्या तासात कधीही, एकमेकींवर अवलंबून न राहता येणार आणि १५ मिनिटं थांबून निघून जाणार. भेट होण्याची संभाव्यता? ६० बाय ६० चा चौरस काढा, आडव्या अक्षावर एकीची वेळ, उभ्यावर दुसरीची. भेट चुकते ते दोन कोपऱ्यांतले त्रिकोण, प्रत्येकाच्या बाजू ४५. मिळून २०२५. उरले ३६०० पैकी १५७५, म्हणजे ७/१६. इंटिग्रेशनच्या मर्यादा चुकल्या की उत्तर वाकडं येतं, आणि त्या मर्यादा अशा आकृतीतच दिसतात.

भेटीचं हे उत्तर मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये ताडूनही बघता येतं. दोन रकान्यांत ० ते १ मधले रँडम आकडे, तिसऱ्यात फरक पाव (तासातली १५ मिनिटं) किंवा त्याहून कमी असेल तर १, नाहीतर ०. अशा १००० ओळींची सरासरी ०.४३७५ च्या आसपास येते, शंभरातल्या साधारण ९५ वेळा ०.४०६ ते ०.४६९ या पट्ट्यात. ०.५५ आली तर रकान्यात चूक आहे.

घनता (अखंड वितरणाच्या वक्राची उंची; संभाव्यता म्हणजे त्याखालचं क्षेत्रफळ) म्हणजे संभाव्यता नव्हे, ती १ पेक्षा मोठी असू शकते. ० ते १/२ वर समान पसरलेल्या व्हेरिएबलची घनता २ असते.

बसचं गणितही याच भागातलं. समजा घोडबंदर रोडच्या एका थांब्यावर बस आळीपाळीने ५ आणि १५ मिनिटांच्या अंतराने येते. सरासरी अंतर १० मिनिटं, मग सरासरी थांबणं ५ मिनिटं? नाही. तुम्ही कुठल्याही क्षणी थांब्यावर पोचलात, तर लांब अंतरात सापडण्याची संभाव्यता ३/४ आणि तिथे सरासरी ७.५ मिनिटं. छोट्यात १/४, तिथे २.५. मिळून ६.२५. दोन बस एकामागोमाग येऊन मग बराच वेळ काहीच नाही, अशा रस्त्यावर हा फरक आणखी वाढतो.

शेवटी नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं वितरण. १०० वेळा नाणं उडवून ६० किंवा जास्त छापे पडण्याची नेमकी संभाव्यता ०.०२८४. सरासरी ५०, प्रमाण विचलन (व्हेरिअन्सचं वर्गमूळ) ५. थेट ६० घेतलं तर झेड (सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर) २ आणि उत्तर ०.०२२८. ५९.५ घेतलं तर झेड १.९ आणि उत्तर ०.०२८७. छाप्यांच्या संख्येच्या स्तंभालेखात ६० चा खांब ५९.५ पासून सुरू होतो, म्हणून ही अर्ध्याची दुरुस्ती. आणि परीक्षेत मिळालेलं नॉर्मलचं टेबल डावीकडचं सगळं क्षेत्रफळ देतं की शून्यापासूनचंच, हे पानावरच्या छोट्या आकृतीत आधी बघून घ्या. सराव एका टेबलावर आणि पेपर दुसऱ्यावर झाला की उत्तर बरोब्बर ०.५ ने चुकतं.