‘थोल’चा माग कसा काढला

जुन्या इंग्रजी मजकुराचं भाषांतर करताना एखादं क्रियापद हमखास अडवतं. मला ‘थोल’नं अडवलं, स्पेलिंग टी-एच-ओ-एल-ई. स्कॉटिश म्हण होती: ‘ही दॅट थोल्स ओव्हरकम्स’.

शब्दकोशात आधी नाम दिसलं: वल्हं अडकवायची नावेच्या काठावरची खुंटी. ती त्या वाक्यात बसवण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. म्हणून आधी शब्दाची जात ठरवा. ‘ही दॅट’ (‘जो’) यानंतर ‘थोल्स’ आलंय, म्हणजे ते क्रियापदच. खुंटीचा थोल निराळा, फक्त स्पेलिंग तेच.

मग ऐतिहासिक शब्दकोश उघडा, म्हणजे शब्दाचा वापर काळानुसार दाखवणारा. ऑक्सफर्डचा असा कोश 1884 ते 1928 या काळात टप्प्याटप्प्यानं निघाला. माझा आग्रह एवढाच की व्याख्येआधी उदाहरणं वाचा, त्यांच्या सालांसकट. शब्द कुणाच्या तोंडी होता ते तिथंच कळतं. ‘थोल’ म्हणजे सोसणं, तग धरणं, आणि दुसऱ्याचं वागणं चालवून घेणंही. स्कॉटिश कायद्यात ‘थोल्ड असाइझ’ म्हणतात, म्हणजे आरोपी खटल्याला एकदा सामोरा गेलेला आहे; त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा उभं करायचं नाही, हे मूळ तत्त्व. प्रमाण इंग्रजीतून गेलेला हा शब्द स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरच्या बोलींत टिकून आहे. तेव्हा ‘लुप्त’ असा शिक्का दिसला तरी बोलींचे कोश चाळाच.

आता मूळ. जुन्या इंग्रजीत हे ‘थोलियन’. त्यातला ‘थ’ तेव्हा ‘थॉर्न’ नावाच्या स्वतंत्र अक्षरानंही लिहीत, आणि जुन्या इंग्रजीच्या कोशांत त्याचा विभाग ‘टी’नंतर येतो. ‘टी’खाली शोधून हात हलवत परतू नका.

भावंडं पाहा: जर्मन ‘गेडुल्ड’ म्हणजे धीर, लॅटिन ‘टोलेरारे’ म्हणजे सोसणं. आणि संस्कृत ‘तुल्’, म्हणजे आपलं तोलणं! मला इतका आनंद झाला की लगेच विश्वास ठेवायची भीती वाटली. नुसत्या उच्चारसाम्यावर नातं जुळवू नये. ध्वनिबदलाचा नियम इतर शब्दांतही दिसतो का, ते तपासावं. संस्कृत ‘त’च्या जागी इंग्रजीत ‘थ’ येतो: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट. तुल् आणि थोल त्याच ओळीत बसतात. मुळात अर्थ होता उचलणं, भार घेणं.

हे कळल्यावर ‘सहन करणं’ मला फिकं वाटू लागलं. मराठीत ओझंही पेलतात आणि दुःखही. मी लिहिलं, ‘जो पेलतो तो जिंकतो’. कायद्याच्या मजकुरात मात्र ‘पेलणं’ चालणार नाही. तिथं ‘खटल्याला सामोरा गेलेला’ असंच लिहा.