झेब्रिना लावताय? मग या चुका टाळा

जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांची, हँगिंगमधून खाली लोंबणारी ट्रेडस्कॅन्शिया झेब्रिना म्हणजे ‘मरतच नाही असं झाड’ अशी तिची ख्याती आहे. ख्याती बऱ्यापैकी खरी आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. झाड मरत नाही म्हणून लोक त्याकडे बघत नाहीत, आणि बिघडलं की एकदम झारी घेऊन धावतात.

पानं मलूल दिसली की पाणी घालणे

या एका चुकीवर मी इतक्या वेळा बोललोय की घरचे आता हसतात. आमच्या शेजारच्या वहिनींची झेब्रिना दृष्ट लागावी अशी होती. एकदा म्हणाल्या, “भाऊजी, रोज पाणी घालते तरी माना टाकतेय.” कुंडी सुंदर चिनीमातीची, बुडाला भोक नाही. आतली प्लॅस्टिकची कुंडी उचलली तर खाली दोन बोटं पाणी साचलेलं, त्याला गटाराचा वास. मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरली की साल निसटून हातात येत होती. मातीलगतची खोडं उकडल्यासारखी मऊ पडली होती.

पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे माती ओली असूनही झाड तहानेलं दिसतं. मालक अजून पाणी घालतो, की संपलं. म्हणून माना टाकलेल्या दिसल्या की आधी मातीत बोट घालायचं. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी लागली तरच पाणी, आणि घालाल तेव्हा खालून वाहीपर्यंत घाला. ताटलीत साचलेलं ओतून टाका. ‘आठवड्यातून दोनदा’ असले ठरावीक हिशेब मला पटत नाहीत. माती वार बघून वाळत नाही.

वहिनींच्या झाडाची मुळं वाचवायच्या फंदात मी पडलोच नाही. वरचे टणक शेंडे कापून घेतले, बाकी सगळं मातीसकट टाकून दिलं. “कुठलं तरी औषध असेल ना?” असं त्या दोनदा विचारून पाहत होत्या. खोड मऊ पडल्यावर औषध शोधत बसण्यात अर्थ नाही. निरोगी शेंडे हाताशी असताना तर मुळीच नाही.

कात्रीला घाबरणे

ही माझी दुसरी दुखरी नस. चार-पाच फूट लांब वेल, टोकाला छान पानं, आणि बुडाशी टक्कल. वर मालकाचा अभिमान, की किती वाढलीय बघा!

झेब्रिना मूळची मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या पट्ट्यातली. तिथे ती मोठ्या झाडांखाली जमिनीवर सरपटते. सरपटताना मातीला टेकलेल्या पेरांतून मुळं सोडते आणि पुढे जाते. मागचा म्हातारा भाग गेला तरी तिचं काही अडत नाही. हँगिंगमध्ये तीच पेरं हवेत लोंबतात. सगळी वेल बुडाच्या त्याच जुन्या खोडावर जगते, आणि जुनी पानं वाळून गळतात. त्यात कुंडी छताला टांगली की खिडकीचा उजेड खाली, लोंबत्या टोकांना मिळतो आणि कुंडीचं तोंड अंधारात राहतं. टक्कल पडणारच! निम्म्या लोकांचा प्रश्न कुंडी हातभर खाली आणली की सुटेल.

उरलेल्यांनी कात्री घ्यावी. पेराच्या जरा खाली कापा आणि खालचं पान काढा. पान खोडाला एका पातळ आवरणाने वेढून असतं. ते सोललं की पेरावर बारीक उंचवटे दिसतात, मुळं तिथूनच येतात. शेंडे त्याच कुंडीत, टकल्या जागी खोचा, निदान एक पेर मातीत जाईल असे. मागे उरलेल्या खोडाच्या पेरांतून आवरण फोडून नवे फुटवे येतात, म्हणून छाटणीनं झाड दाट होतं. पाण्यात ठेवलेल्या फांदीला बहुधा आठवड्याभरात मुळं दिसू लागतात, पण मी थेट मातीत लावतो. पाण्यातून मातीत हलवताना जो खोळंबा होतो, तो कशाला? बाटलीतली मुळं बघायला मजा येते हे मान्य, आणि रोज फांदी उपसून मुळं मोजणारेही मला माहीत आहेत. त्यांना काही सांगून उपयोग नसतो.

रंग उडाला म्हणून खत घालणे

रंग प्रकाशाचा आहे. उजेड कमी पडला की चंदेरी पट्टे फिके होतात, जांभळा उतरतो, दोन पेरांतलं अंतर वाढून वेल किडकिडीत होते. अशा झाडाला नत्र पाजलं तर ते आणखी लुसलुशीत आणि हिरवं होईल. खिडकीजवळ भरपूर उजेड द्या, फक्त दुपारचं कडक ऊन नको, त्यानं पानं करपतात. खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं.

झेब्रिनाच्या ‘नानूक’सारख्या गुलाबी-पांढऱ्या ट्रेडस्कॅन्शिया भावंडांत मात्र एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. ती लगेच बुडातून काढा. तिच्यात हरितद्रव्य जास्त, ती जोरात वाढते आणि रंगीत फांद्यांना मागे टाकते.

बाकी किरकोळ. पानांवर पाणी फवारत बसू नका, डाग पडतात. लहान झाडाला मोठी कुंडी देऊ नका, माती वाळता वाळत नाही. पेराच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा आणि कुंडी इतरांपासून लांब ठेवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर वेल त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी टांगा, हिच्या रसानं त्वचेला खाज सुटते. छाटताना तुमच्याही हाताला सुटू शकते.

छाटलेले तुकडे मोकळ्या जमिनीवर फेकू नका. एका पेरातून ती रुजते, आणि दक्षिण आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत ती अशीच तण होऊन बसली आहे. पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका.