कुस्त्यांच्या जंगी मैदानाला पहिल्यांदा जाताना

चैत्र लागला की सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि पुणे या जिल्ह्यांतल्या चौकाचौकांत, पानपट्ट्यांच्या फळ्यांवर आणि एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर ‘भव्य निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ अशा ठळक अक्षरांतली पत्रके दिसू लागतात. ज्यांनी महाराष्ट्र केसरीच्या लढती केवळ टीव्हीवर पाहिल्या आहेत, किंवा ज्यांच्या आजोबांच्या तोंडी मैदानांच्या गोष्टी होत्या पण ज्यांना स्वतःला त्या मातीशेजारी बसण्याचा योग कधी आला नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मैदानाला जाणे अवघड नाही. तिकीट बहुधा नसते, ओळख लागत नाही, आणि गावकरी परगावच्या माणसाला सरकून जागा देतात. मात्र काही गोष्टी आधी ठाऊक असतील तर दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ कसा गेला ते कळत नाही, आणि ठाऊक नसतील तर डोळ्यांदेखत झालेली कुस्तीही दिसत नाही.

सर्वप्रथम स्पर्धा आणि मैदान यांतला फरक ध्यानात घ्यावा. स्पर्धेत वजनगट असतात, फेऱ्या असतात, गुण मोजले जातात. महाराष्ट्र केसरीत तर माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग असून दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात. गावच्या मैदानात सहसा असे काही नसते. यात्रा कमिटी लोकवर्गणीतून आणि देणगीदारांकडून इनामाची रक्कम उभी करते, वस्तादांशी, म्हणजे तालमीतल्या गुरूंशी, बोलून जोडी ठरवते, आणि प्रत्येक कुस्ती स्वतंत्र असते. जिंकणारा पुढच्या फेरीत जात नाही, तो इनाम घेऊन पुढच्या गावच्या मैदानाला जातो. जाहिरातीतला ‘निकाली’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. पाठ मातीला लागेपर्यंत लढत चालावी, असा त्याचा अर्थ. ज्यांना दोरांच्या रिंगणातली, निकाल आधी ठरलेली कुस्ती पाहण्याची सवय आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण इथे नुरा, म्हणजे संगनमताने लढलेल्या, कुस्तीचा नुसता संशय आला तरी मैदान खवळते.

पत्रक नीट वाचायला शिकावे. सर्वांत वर एक नंबरची कुस्ती असते. तिथे दोन पैलवानांची छायाचित्रे, त्यांच्या तालमींची किंवा वस्तादांची नावे, इनामाचा आकडा आणि ते इनाम देणाऱ्याचे नाव छापलेले असते. त्याखाली दोन नंबर, तीन नंबर असा उतरता क्रम लागतो. नवख्या माणसाची नजर इनामाच्या आकड्यावर जाते; जाणकार मात्र आधी ‘कोणाचा पठ्ठा’, म्हणजे कोणत्या वस्तादाचा शिष्य, ते पाहतो. कोल्हापूरच्या गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग या तालमी किंवा पुण्याची गोकुळ वस्ताद तालीम अशी नावे समोरासमोर आली, तर ती लढत दोन पैलवानांची असते तितकीच दोन घराण्यांची असते, आणि मैदानात बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींना त्या तालमींच्या जुन्या झुंजीही आठवत असतात. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने चार ते दहा नंबरच्या कुस्त्यांची नावे वहीत टिपून न्यावीत. नाव करायला आसुसलेले तरुण पैलवान तिथे असतात आणि ते हात राखून लढत नाहीत. ऐन वेळी कुणी दुखापतीमुळे येत नाही आणि जोड बदलते, ही गोष्टही गृहीत धरावी.

कोणते मैदान निवडावे, याचे उत्तर सोपे आहे: जवळचे. कुंडलसारखी मोठी मैदाने सांगली जिल्ह्याबाहेरूनही लोकांना ओढून आणतात आणि ती एकदा तरी पाहावीत, पण गर्दीमुळे तिथे नवख्याला माती लांबून पाहावी लागते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात एखादे मैदान भरणार असेल तर ते सोडू नये. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेले आणि १९१२ साली पूर्ण झालेले हे मैदान केशवराव भोसले नाट्यगृहाला लागून आहे, आणि मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसते. गावच्या मैदानात ही सोय नसते. तिथे शेतात किंवा शाळेच्या पटांगणात हौदा तयार केलेला असतो, भोवती बांबूंचे कुंपण असते आणि लोक जमिनीवर मांडी घालून बसतात.

म्हणून जागेचा विचार करावा लागतो. पत्रकावर दुपारी तीनची वेळ असेल तर दोनलाच पोहोचावे आणि पश्चिमेच्या बाजूला, मावळतीकडे पाठ करून बसावे. समोर बसलेल्यांच्या डोळ्यांवर चारनंतर तिरपे ऊन येते आणि नेमक्या चांगल्या कुस्त्यांच्या वेळी त्यांना हाताची झापड धरून पाहावे लागते. अगदी पुढची रांग मिळाली तर उत्तम, पण दुसरी-तिसरीही चालते. बरोबर डोक्याला टोपी किंवा पंचा, पिण्याचे पाणी आणि दहा, वीस, पन्नास रुपयांच्या सुट्या नोटा असाव्यात. नोटांचे कारण पुढे येईलच. कपडे मळले तरी वाईट वाटणार नाही असे घालावेत. खाण्याची चिंता करू नये, जत्रेत भजी आणि भेळ असतेच. कुस्ती रंगात आली असता उभे राहू नये, कारण मागच्या शंभर जणांची कुस्ती त्यामुळे बुडते आणि ‘बसा, बसा’चा गलका होतो.

पूर्वी मैदानाला स्त्रिया फारशा नसत. आता पुष्कळ मैदानांत मुलींच्या कुस्त्याही लावल्या जातात, आणि २०२३ च्या मार्च महिन्यात सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने गदा जिंकल्यापासून तर आईवडील मुलींना घेऊन मैदान दाखवायला येताना मी पाहिले आहेत. कुटुंबासह जायचे असल्यास बसण्याची वेगळी सोय आहे का, हे कमिटीच्या माणसाला गेल्या गेल्या विचारावे. बहुधा तो स्वतः पुढे नेऊन बसवतो.

आखाडापूजन, म्हणजे मारुतीची तसबीर, नारळ आणि गुलाल, झाले की लहान मुलांच्या कुस्त्या सुरू होतात. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण पुष्कळ लोक हा भाग चुकवतात. मी स्वतः पहिल्यांदा मामांबरोबर मैदानाला गेलो तो संध्याकाळी, एक नंबरची कुस्ती पाहायला. आम्हाला सर्वांत मागे जागा मिळाली, सलामी झाली, पुढच्या माणसाने मान वळवली आणि तेवढ्यात एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव, निघून कुस्ती संपलीसुद्धा. मामा परत येताना एवढेच म्हणाले, “पोरांच्या कुस्त्या बघितल्या असत्यास, तर हीही दिसली असती.” त्यांचे म्हणणे मला पुढे तीन-चार मैदाने पाहिल्यावर पटले. लहान मुलांच्या कुस्तीत डाव सुटासुटा दिसतो. वेग कमी असतो, चूक उघडी पडते, आणि पाहणाऱ्याचा डोळा तयार होतो.

या कुस्त्यांच्या जोडी आधी छापलेल्या नसतात. लंगोट लावलेली पोरे हौद्याच्या कडेला उभी राहतात, पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतात, उंची पाहतात, दंड चाचपतात, आणि जोड बरोबरीची वाटली की दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. एखादा मुलगा मोठ्या जोडीदाराकडे बोट दाखवून ‘ह्याच्याशीच लावा’ म्हणून हटून बसतो, तेव्हा त्याचा वस्ताद मान हलवतो की नाही याकडे सगळ्यांचे लक्ष असते. रेवड्यांवर आणि खोबऱ्याच्या वाटीवर अशा कुस्त्या लागत, म्हणून रेवडीची कुस्ती हा शब्द अजून टिकून आहे. आता त्या जागी नोटा आल्या आहेत. कमिटी या कुस्त्या किती निगुतीने आणि किती समजुतीने लावते, यावरून मी ते मैदान कसे आहे हे ठरवतो.

मोठ्या कुस्त्या सुरू झाल्या की पाहण्याची रीत पुढीलप्रमाणे ठेवावी. पैलवान हौद्यात उतरताना माती कपाळाला लावतो, सलामी देतो, आणि दोघे एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. घामाने अंग निसटू नये आणि पकड बसावी यासाठी ती टाकलेली असते, त्यात अपमान नाही. ही माती नुसती उकरलेली नसते. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असे जिन्नस मिसळून ती मऊ आणि अंगाला मानवेल अशी केलेली असते, आणि म्हणूनच चपला घालून हौद्यात पाऊल टाकणे हा मैदानातला सर्वांत मोठा अविचार मानला जातो.

सलामीनंतर खडाखडी सुरू होते. दोघे मानेवर हात टाकून, मनगटे झटकत एकमेकांचा जोर अजमावतात, आणि नवख्याला वाटते की काहीच घडत नाही. या वेळी चेहऱ्याकडे पाहू नये. नजर कमरेखाली, पायांवर ठेवावी. ज्याचा पुढचा पाय वारंवार मागे सरकतो तो दबला आहे, आणि ज्याच्या गुडघ्यांत वाक आहे तो पट काढण्याच्या तयारीत आहे. पट लागून एक जण खाली गेला आणि दुसऱ्याने पाठीवर कब्जा घेतला, की नजर लगेच खालच्याच्या हातांकडे न्यावी. वरचा पैलवान घिस्सा मारायचा, एकलंगी भरायची किंवा घुटना ठेवायचा, म्हणजे खालच्याला उलथवणारा एखादा डाव टाकायचा, प्रयत्न करतो, आणि खालचा कोपर आवळून, छाती मातीला चिकटवून आपली पाठ वाचवतो. या अवस्थेत पाच-दहा मिनिटे गेली तरी कंटाळू नये. दोघांचाही दम तिथे मोजला जात असतो, आणि ज्याचा दम आधी उखडतो त्याचा कोपर आधी सुटतो. याउलट उभ्याने ढाक किंवा कलाजंग यांसारखा फेकीचा डाव लागला तर सारे पापणी लवण्याच्या आत होते. डावाचे नाव लगेच ओळखू आले नाही तर शेजारच्याला खुशाल विचारावे; मैदानात या प्रश्नाचे उत्तर द्यायला कुणीही आनंदाने तयार असतो, आणि पुष्कळदा तो आपल्याच हाताची पकड करून दाखवतो.

कानही उघडे ठेवावेत. हलगी आणि घुमके या चर्मवाद्यांचा ठेका पार्श्वसंगीत म्हणून नसतो. चांगला हलगीवाला कुस्तीकडे पाहूनच वाजवतो, पकड घट्ट झाली की ठेका चढवतो, आणि त्या ठेक्यावर दमलेल्या पैलवानाच्याही अंगात बळ येते. निवेदक पैलवानाचे गाव, तालीम, वस्ताद आणि पूर्वीच्या गाजलेल्या कुस्त्या सांगत असतो. १९५९ साली हिंदकेसरी हा देशपातळीवरचा किताब जिंकलेले श्रीपती खंचनाळे, १९६४ चे हिंदकेसरी कवठेपिरानचे मारुती माने, हेलसिंकीला १९५२ साली ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव ही नावे तुम्हाला तिथे ऐकू येतील. ती कोण, हे जाण्यापूर्वी वाचून गेल्यास निवेदन अधिक समजेल.

पाठ मातीला लागली की पंच विजयी पैलवानाचा हात वर करतात. कधी खांदा पुरता टेकला की नाही यावरून वाद होतो. अशा वेळी पंचांचा शब्द अखेरचा मानावा आणि आपण जागेवरून उठू नये, कारण प्रेक्षक हौद्याकडे धावले की मैदान मोडते. फार वेळ निकाल न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडवतात, किंवा वेळ ठरवून देऊन गुणांवर निकाल लावतात. दुसरा प्रकार मला मनापासून आवडत नाही, पण अंधार पडत असताना आणि दहा कुस्त्या बाकी असताना पंचांपुढे दुसरा उपाय नसतो.

जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारू लागला की सुट्या नोटांची वेळ येते. तो पुढ्यात आला की उजव्या हाताने, जमेल तेवढी रक्कम त्याच्या हातावर ठेवावी. दहा रुपयेही तो डोक्याला लावून घेतो. दूध, तूप, बदाम आणि मटण हा पैलवानाचा खुराक रोजचा आहे, आणि तालमीत राहणारी बरीच मुले शेतमजुराच्या किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरची असतात. मैदानाचा हंगाम चार महिन्यांचा असला तरी खुराक बारा महिने लागतो. हरलेला पैलवान फेरी मारत नाही, तो कडेने निघून कपडे घालायला जातो. त्याची कुस्ती तुम्हाला आवडली असेल, तर उठून त्याच्याकडे जावे, नोट द्यावी आणि पाठीवर हात ठेवावा. त्याचा वस्ताद जवळच उभा असतो. हे पाहिल्यावर तो तुम्हाला पुढच्या मैदानात ओळख देतो.

छायाचित्रे काढण्यास कुणाची हरकत नसते, फक्त मोबाईल डोक्याच्या वर धरू नये. पैज लावणाऱ्यांच्या नादी लागू नये.

एक नंबरची कुस्ती बहुधा दिवे लागल्यावर होते आणि ती सुटताच हजारो माणसे एकदम अरुंद रस्त्याला लागतात. गाडी आणली असल्यास ती आधीच तोंड बाहेरच्या बाजूला करून लावावी, पण निघण्याची घाई करू नये. अर्धा तास हौद्याशेजारीच बसून राहावे. गावची पोरे तेवढ्यात मोकळ्या मातीत उतरून, नुकताच पाहिलेला डाव एकमेकांवर लावून बघत असतात. हलगीवाला तोवर आपली हलगी गुंडाळत असतो. पुढचे मैदान कुठे आहे ते त्यालाच विचारावे, कारण पंचक्रोशीतल्या जत्रांच्या तारखा त्याला तोंडपाठ असतात.