घरच्या घरी ब्रेक पॅड बदलताना या चुका टाळा, माझ्या बहुतेक सगळ्या करून झाल्यात

मागच्या सप्टेंबरात कास पठारावरनं साताऱ्याला येताना यवतेश्वर घाट उतरत होतो आणि पुढच्या डाव्या चाकातनं खर्र्र असा आवाज यायला लागला. ब्रेकवर नुसता पाय ठेवला की लोखंडावर लोखंड. मला कळेना, कारण नऊ महिन्यांपूर्वी मीच घरी पॅड बदललेले आणि आदल्याच रविवारी चाकाच्या फटीतनं बॅटरी मारून बघितलं होतं, बाहेरचा पॅड अर्ध्याच्या वर शिल्लक. घरी येऊन चाक काढलं तर बाहेरचा पॅड खरंच सहा एमएमच्या आसपास, आणि आतला पॅड संपून नुसता पत्रा राहिलेला, त्यानं डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅड जिला धरतात त्या लोखंडी थाळीवर, नांगर फिरवल्यासारख्या रेघा ओढलेल्या. दोन्ही बाजूच्या डिस्क बदलाव्या लागल्या, वाचवलेली मजुरी व्याजासकट गेली.

पॅड चांगल्या कंपनीचे होते, दुकानदारानं फसवलं नव्हतं, गडबड माझ्याच हातनं झालेली. जुना पॅड काढून नवा सरकवायला दहा मिनिटं लागतात, ते कुणालाही जमतं. घोळ होतो तो पॅडच्या आजूबाजूला, पिनला, क्लिपला, ऑइलला, आणि आपण तिकडं बघतच नाही.

आधी एक सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतो, हे सगळं पुढच्या डिस्कबद्दल आहे. मागं ड्रमात लायनर असतात, ते काम वेगळं. आणि मागंपण डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरात (पॅड धरून डिस्कवर आवळणारा चिमटा) असेल तर त्याचा पिस्टन (ऑइलच्या जोरानं पॅड ढकलणारा दट्ट्या) बऱ्याच गाड्यांत नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत घालावा लागतो, जोर लावला की आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडला टाकावा लागतो. त्याच्या नादाला घरी लागू नका.

जागा. अर्धं सातारा उतारावर वसलंय, आमच्या बोळात पोरांचा चेंडू सुटला की खालच्या चौकात जाऊन आणायला लागतो, आणि मी पहिल्यांदा तिथंच जॅक लावला होता. गाडी पुढं सरकली नाही ही पूर्वजांची पुण्याई. आता मी गाडी एमआयडीसीकडं राहणाऱ्या चुलतभावाकडं नेतो, त्याच्या अंगणात सपाट कोबा आहे. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड किंवा लाकडी गुटके. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेर ढिले करा, वर उचलल्यावर जोर लावला की गाडी हलते. आणि गाडीबरोबर येतो तो जॅक फक्त स्टेपनी बदलायपुरता असतो, त्याच्या भरवशावर हात-डोकं आत घालायचं नाही, खाली जॅक स्टँड पाहिजेच. विटांचा थर लावणारे बघितलेत मी, वीट फुटताना आधी सांगत नाही. स्टँड लावल्यावरसुद्धा काढलेलं चाक दरवाजाच्या खालच्या पट्टीखाली सरकवून ठेवायचं, वाईटातलं वाईट झालं तरी गाडी चाकावर बसते.

खरेदीत एक नेहमीची चूक, डावा संपलाय म्हणून एकच बाजू बदलायची. दोन्ही बाजू एकदमच बदलायच्या, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एकीकडं ओढणार. नवीन पॅडचा मसाला, म्हणजे पत्र्यावरचा झिजणारा थर, साधारण दहा-बारा एमएम असतो आणि तीनवर आला की बदलायचा, पत्रा दिसेपर्यंत थांबायचं नाही. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका, साल आणि मॉडेल सांगा, जमलं तर जुना पॅड नेऊन पत्र्याचा आकार जुळवून बघा. आणि खोलताना एका वेळी एकच चाक खोला, म्हणजे कुठली क्लिप कशी होती ते दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं. मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो पण ग्रीसच्या हातानं मोबाइल कोण धरणार.

ब्रेक ऑइलचा घोळ असा होतो. पॅड झिजत जातो तसा पिस्टन बाहेर येतो आणि बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल हळूहळू खाली जातं. आपण बघतो, कमी झालंय म्हणतो आणि भरून टाकतो. मग नवीन जाड पॅड बसवायला पिस्टन आत दाबला की ते सगळं ऑइल उलटं वर येतं आणि डबीतनं उतू जातं. आणि हे ऑइल रंग खातं, खरोखर खातं, माझ्या गाडीच्या आतल्या पत्र्यावर तळहाताएवढा रंग फुगून निघालाय. म्हणून आधी मेडिकलमधनं मोठी सिरिंज आणून थोडं ऑइल काढून घ्या, डबीभोवती फडकं गुंडाळा, सांडलंच तर लगेच पाणी ओता, नुसतं पुसून भागत नाही. काढलेलं ऑइल परत घालायचं नाही. टॉपअप करायचं तर झाकणावर जो डॉट नंबर (ऑइलचा प्रकार, डॉट ३, डॉट ४ असा) लिहिलाय तोच, आणि सीलबंद बाटलीतलं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण ओलावा शिरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, आणि घाटात सलग ब्रेक मारल्यावर आतल्या आत वाफ झाली की पेडल स्पंजासारखं लागतं. गॅरेजच्या कपाटात दोन पावसाळे काढलेली अर्धी बाटली म्हणूनच वापरायची नाही.

कॅलिपर सुटला की तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. नळी बाहेरनं छान दिसते, आतनं फाटते, आणि मग ऑइल जातं पण परत येत नाही, ब्रेक धरून बसतो. तारेचा तुकडा घ्या, वरच्या स्प्रिंगला अडकवा, बास. परत बसवताना नळीला पीळ पडला नाही ना तेवढं बघा. पिस्टन दाबायला जुना पॅड त्याच्यावर आडवा ठेवून सी-क्लॅम्पनं हळूहळू सरळ दाबायचा. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायला जाल तर पिस्टनभोवतीचं पातळ रबर फाटेल. आणि घरातली पोरं गाडीपासनं लांब, त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबायची लय हौस असते, कॅलिपर उघडा असताना पेडल दाबलं की पिस्टन बाहेर आणि ऑइल फरशीवर.

आता पिन. जिथं माझा सगळा खेळ झाला.

कॅलिपर दोन पिनांवर पुढं-मागं सरकतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर मागं सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, मग आतला पॅड एकटाच राबतो, ब्रेक सोडल्यावरपण मोकळा होत नाही, आणि बाहेरचा मजेत बसतो. चाकाच्या फटीतनं दिसतो तो बाहेरचाच. म्हणून मला वाटत होतं सगळं व्यवस्थित आहे.

मी पिन काढल्या होत्या, पुसल्या होत्या, ग्रीसपण लावलं होतं. पण कुठलं, तर विहिरीवरच्या मोटारीच्या बेअरिंगला लावतो तो डबा घरात होता त्यातलं. ग्रीस ते ग्रीस. ते ग्रीस पिनच्या रबराला चालत नाही, रबर फुगतं. नऊ महिन्यांनी खालची पिन ओढून काढली तेव्हा तिच्या टोकाचं रबर भिजलेल्या वाटाण्यासारखं झालं होतं, भोकात घट्ट बसलेलं, काढताना ठप्प असा आवाज आला. तेव्हा पिनला फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, छोटी पुडी मिळते, महाग नाही. जुनं ग्रीस पिनवरनं आणि भोकातनंपण पूर्ण पुसून काढायचं. पातळ थर लावायचा, भोकात कोंबायचं नाही, जास्त भरलं की हवा आत कोंडते आणि पिन दाबली की परत बाहेर येते. पिनवर गंजाचे खड्डे असतील तर घासत बसू नका, नवीन घाला. वरची पिन वर, खालची खाली, बऱ्याच गाड्यांत एकीला टोकाला रबर असतं आणि एकीला नसतं, अदलाबदल करू नका. रबरी टोपीची कड खाचेत बसली का बोट फिरवून बघा, नाहीतर पावसाचं पाणी आत, आणि आपल्याकडं पश्चिमेला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. शेवटी दोन बोटांनी पिन आत-बाहेर करा. सरकली तर पुढं जा, नाहीतर जाऊ नका.

पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांत बसतात त्या काढून खालचा गंज तारेच्या ब्रशनं घासा. गंज फुगलेला असतो आणि नवीन पॅड बसत नाही, मग लोक हातोडीनं ठोकून बसवतात किंवा पॅडचेच कान कानशीनं घासतात. ठोकून बसलेला पॅड परत सुटत नाही. पॅड हातानं सरकला पाहिजे. घासताना उडणारी काळी पूड तोंडानं फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवापण मारू नका, फुफ्फुसात जाते, मास्क लावा आणि ओल्या फडक्यानं पुसा.

डिस्क आणि पॅडच्या मसाल्याला तेलकट हात लावायचा नाही. लागलाच तर डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसा, रॉकेल-डिझेलनं नको, त्याचा थर राहतो. नवीन डिस्कवरपण गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते आधी काढा. मसाला तेलानं भिजला तर तो पॅड गेला. डिस्कची कमीत कमी जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते, व्हर्नियरनं मोजा, पण काठावर जी न झिजलेली कड राहते ती धरून मोजलं तर आकडा खोटा येतो.

आणि हसू नका, पण मसाला बाहेरच्या बाजूला आणि पत्रा डिस्ककडं असा पॅड बसवलेला मी स्वतः बघितलाय.

नट-बोल्ट दात-ओठ खाऊन आवळायचे नाहीत. कॅलिपरचे बोल्ट बारीक असतात, लांब पान्यानं पिळले की आटे जातात. चाकाचे नट छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरमध्ये असतात, आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा, टॉर्क पाना नसेल तर मागून आणा. समोरासमोरचे आवळत जायचे, शेवटचा टाइट गाडी खाली उतरवल्यावर, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा.

मग ती सगळ्यात महागात पडणारी चूक. पिस्टन आत दाबलेला असतो, पॅड आणि डिस्कमध्ये फट असते, त्यामुळं पहिल्यांदा पेडल दाबलं की ते सरळ जमिनीला टेकतं, ब्रेक शून्य. मी चाक लावलं, हात धुतले, चहा घेतला, गाडी स्टार्ट करून रिव्हर्स टाकला, त्याच उताराच्या बोळात. पाय ठेवला तर पेडल दबकन खाली, गाडी मागं चाललेली, हँडब्रेक ओढला तेव्हा शेजारच्या काकूंच्या तुळशीकट्ट्यापासनं वीतभर अंतरावर थांबली. काकू अजून मला बघितलं की म्हणतात, गाडी काढतोयस का रे, मग मी आत जाते. तर गाडी सुरू करायच्या आधी पेडल पंप करा, दहा-पंधरा वेळा, कडक लागेपर्यंत. मग इंजिन चालू करून परत बघा, डबीतलं ऑइल बघा, आणि मगच गिअर.

नवीन पॅड बसवून त्याच दिवशी पाचगणीला पसरणी घाटानं जायचं नाही. पॅड आणि डिस्कची ओळख व्हावी लागते. पहाटे रिकामा सरळ रस्ता बघा, ५०च्या स्पीडवरनं १०पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग अर्धा किलोमीटर गार होऊ द्या, असं आठ-दहा वेळा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा छाप डिस्कवर बसतो आणि मग ब्रेक मारला की पेडल थरथरतं. पुढचे दोनशे-तीनशे किलोमीटर जरा सबुरीनं. आणि घाट उतरताना न्यूट्रल नको, दुसरा-तिसरा गिअर ठेवा, डिझेल वाचवायच्या नादात पॅड जळतात तो वास यवतेश्वरला दर रविवारी येतो.

बदलल्यावर काही खटकलं तर. सकाळी पहिल्या दोन ब्रेकला खरखर, पाऊस पडून गेलेला असेल तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज, जातो. सतत चीं चीं आली तर क्लिप, शिम (पॅडच्या पाठीमागची पातळ पत्री) आणि पॅडच्या कानांवरच्या ग्रीसकडं बघा. स्टिअरिंग थरथरलं तर हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतं त्या भागावर, गंज राहून डिस्क वाकडी बसलीय किंवा नट कमी-जास्त आवळलेत. गाडी एकीकडं ओढली किंवा एकाच चाकाला जास्त गरमाई आली तर परत पिन, नाहीतर नळी. दहा किलोमीटर चालवून चाकाजवळ हात नेला तरी फरक कळतो, डिस्कला हात लावू नका, चटका बसेल. पंप करूनही पेडल मऊ राहिलं, किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिलं, किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर तिथंच थांबा, गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेस्त्रीला घरी बोलवा किंवा टो करा.

जुने पॅड सगळे भंगारात देऊ नका. एक ठेवा, पुढच्या वेळी पिस्टन दाबायला लागतो, माझा आतला तो पत्रा झालेला आता त्याच कामाला आहे.