स्लो कुकरमधली राजमा-खिमा चिली

चिली म्हणजे खिम्याचा दाट, तिखट रस्सा, मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. तिकडचे कट्टर लोक चिलीत राजमा घालत नाहीत, पण भाकरीबरोबर खायची तर राजम्याशिवाय दाटपणा येत नाही.

चार-पाच जणांसाठी साडेतीन लिटरचा स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) पुरतो. राजमा 200 ग्रॅम, मटण खिमा 500 ग्रॅम, दोन मोठे कांदे, चार टोमॅटो, दहा लसूण पाकळ्या, बेडगी मिरचीचं तिखट 2 मोठे चमचे, जिरेपूड 2 छोटे चमचे, काळं तिखट 1 छोटा चमचा.

कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका. लाल राजम्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन नीट उकळल्याशिवाय नष्ट होत नाही, आणि स्लो कुकरच्या ‘लो’वर तेवढी आच बऱ्याचदा लागतच नाही. मग उलट्या-जुलाब ठरलेले. राजमा 8 ते 10 तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि प्रेशर कुकरमध्ये दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवा. बोअरच्या जड पाण्यात तो दडस राहतो, म्हणून पिण्याचं पाणी वापरा. टोमॅटोही त्यानंतरच. आंबटात राजमा मऊ होत नाही.

कढईत तेलावर कांदा-लसूण लाल करा, खिमा घालून त्याचं सुटलेलं पाणी आटेपर्यंत परता. हा टप्पा गाळला तर चव उकडल्यासारखी लागते. तिखट आणि जिरेपूड शेवटी अर्धा मिनिट परता, जास्त नको, करपतं.

आता मीठ, टोमॅटो, राजमा आणि एकच कप गरम पाणी घालून सगळं स्लो कुकरमध्ये ‘लो’वर 6 ते 7 तास किंवा ‘हाय’वर 3 ते 4 तास ठेवा. इथे वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने पाणी ओतलं की सार होतं. झाकण सारखं उघडू नका, दर वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात.

शेवटच्या अर्ध्या तासात काळं तिखट घाला (आधी घातलं तर त्याचा वास उडतो) आणि 2 चमचे ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून ढवळा. मेक्सिकोकडे यासाठी मक्याचं पीठ वापरतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असेल तर उत्तमच.

वीज गेली तर वाट पाहत बसू नका, लगेच गॅसवर शिजवून पुरं करा. घरी नसताना किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर सगळं टाकून द्या. स्लो कुकरचं तापलेलं चिनी मातीचं भांडं गार कडप्प्यावर ठेवलं तर तडकतं, खाली लाकडी पाट घ्या.

वाढताना कडक भाकरी कुस्करून, वरून कच्चा कांदा आणि लिंबू. उरलेली चिली लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गॅसवरच खळखळून उकळा. स्लो कुकरमध्ये ती फार हळू तापते.