वॉटर्लूला क्वांटम शिकायला जाताय? आधी दार ओळखा

पुण्याहून ज्युनिअर मंडळींचे मेसेज येतात, त्यात पहिला प्रश्न ठरलेला: ‘इन्स्टिट्यूट फॉर क्वांटम कॉम्प्युटिंगला ॲडमिशन कशी मिळते?’ सरळ तिथे मिळतच नाही. २००२ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात सुरू झालेलं हे संशोधन केंद्र आहे. अर्ज करायचा तो फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल, अप्लाइड मॅथ्स अशा एखाद्या विभागाकडे. अर्जात ‘क्वांटम इन्फर्मेशन’ ही शाखा निवडायची, की तेच पदवीच्या नावात कंसात येतं. हे मला कळलं तेव्हा पहिल्या वर्षीचा अर्ज भलत्याच विभागात जाऊन पडला होता. चूक माझीच, माहितीपत्रक नीट वाचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट गाईडची. मार्क बरे असले तरी तुम्हाला घ्यायला कोणीतरी प्राध्यापक तयार हवा. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट’ छापाची पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्यांचा एक ताजा पेपर घ्या, त्यातली एखादी आकृती का पटली नाही ते चार ओळींत विचारा.

आता कामाचं. बाहेरून इमारत देखणी आहे, मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी, आत भलीमोठी क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त प्रयोगशाळा. ब्लॅकबेरीवाल्या माइक लाझारिडिस यांच्या देणगीतून उभी राहिलेली, २०१२ साली उघडलेली. त्या थाटात मी पहिले काही आठवडे काय केलं? नटं आवळली. ती डायल्यूशन फ्रिजची, म्हणजे क्वांटम चिप अतिथंड ठेवणाऱ्या यंत्राची. दिसायला उलटं टांगलेलं सोनेरी झुंबर. वरची चकती खोलीच्या तापमानाला, खालची निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअस) जेमतेम एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकी वर. वरून खाली जाणाऱ्या प्रत्येक केबलला वाटेत ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे तुकडे) लावायचे, नाहीतर खोलीतल्या उष्णतेचा गोंगाट तारेतून थेट क्यूबिटपर्यंत, म्हणजे क्वांटम संगणकाच्या ‘बिट’पर्यंत उतरतो. जोड टॉर्क पान्यानेच आवळायचा, ‘टक्’ झालं की थांबायचं. जास्त पिळला तर आटे जातात. सैल राहिला तर थंडीत धातू आकसून सुटतो, आणि ते कळतं फ्रिज गार झाल्यावर. मग पुन्हा गरम करा, उघडा, आवळा, गार करा: आठवडा गेलाच म्हणून समजा.

हे नको असेल तर थिअरी आहेच, पण तिथे लिनियर अल्जेब्रा हातात खेळता हवा. टेन्सर प्रॉडक्ट (अनेक क्यूबिट एकत्र मांडायचं गणित) लिहिताना कागद पालथे घालावे लागत असतील तर पहिल्याच कोर्सला घाम फुटतो. कोडिंग मात्र दोन्हीकडे लागतं.

अजून बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंगला असाल तर ‘यूसेकिप’ (USEQIP) या याच केंद्राच्या उन्हाळी शाळेची चौकशी करा. उन्हाळ्यात दोन आठवडे, सकाळी लेक्चर आणि मग प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम. बाहेरच्या देशांतली मुलंही येतात. नटं आवळण्यात आपला जीव रमतो का, तेही तिथेच कळून जाईल.